राजधानी गेली म्हणून वाचलेला वाडा

महेश्वरच्या अहिल्या घाटावर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. पायऱ्या, मग दगडी तट, मग नक्षीदार झरोके, आणि सगळ्यात वर किल्ल्याचा माथा. खाली बायका धुणं धूत असतात, परिक्रमावासी झोळ्या टेकवून बसलेले असतात, आणि वर त्याच नर्मदेकडे पाहत कुणीतरी शांतपणे चहा पीत असतं. त्या वरच्या माणसाने एका रात्रीसाठी पाच आकडी भाडं मोजलेलं असतं. इंदूरपासून नव्वद-एक किलोमीटरवर, खरगोन जिल्ह्यात, होळकरांच्या या जुन्या वास्तूत 2000 सालापासून 'अहिल्या फोर्ट' हे हॉटेल चालतं. वारसा आणि पर्यावरण हे दोन्ही शब्द अशा जागांना आता सहज चिकटतात. या वास्तूला मात्र ते फार उशिरा चिकटले. ती आज जशी आहे तशी का राहिली, याची कारणं वेगळी आहेत: एका राज्यकर्तीचं साधं राहणं, एक हरलेली लढाई आणि 'खासगी' नावाची एक जुनी व्यवस्था.

खासगीपासून सुरुवात करायला हवी, कारण महाराष्ट्राबाहेर हा शब्द कुणाला नीट उलगडत नाही. 1734 मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना वेगळी जहागीर लावून दिली. ती 'खासगी'. दौलतीचा पैसा फौजेला आणि कारभाराला, खासगीचा राणीच्या हाती. गौतमाबाईंनंतर ती त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाचं मंदिर (1780), सोमनाथ, गयेचं विष्णुपद आणि देशभरातले घाट, बारवा, धर्मशाळा यांमागे हा खासगीचा पैसा होता, आणि दानधर्माच्या बाबतीत तो मोकळ्या हाताने खर्च झाला. स्वतःच्या राहण्याच्या बाबतीत हात आखडता होता.

चौंडीत (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात 1754 ला गमावले, सासरे मल्हारराव 1766 ला, आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. कारभार हाती आल्यावर त्यांनी इंदूरऐवजी नर्मदाकाठचं महेश्वर निवडलं, आणि 13 ऑगस्ट 1795 ला तिथेच त्यांचं निधन झालं. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी जे घर वापरलं त्याला लोक राजवाडा म्हणतात. पण पुण्या-वाईच्या वाड्यांतून फिरलेल्या माणसाला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटतो. ओसरी, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, मधला चौक, देवघर. होळकरांचाच इंदूरचा राजवाडा सात मजली आहे, त्याच्याशेजारी हे एखाद्या सरदाराचं घर म्हणूनही खपेल. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या दिनक्रमाची नोंद करून ठेवली आहे: पहाटेच्या आधी उठणं, पूजा, पोथी, दानधर्म, साधं जेवण, मग दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत दरबार. ज्याला दाद मागायची त्याला थेट समोर येता यायचं. अशा दरबाराला ओसरी पुरते.

जाड भिंती, खोल ओसरी आणि हवा खेळवणारा चौक ही त्या काळी कुणाला तत्त्वाची गोष्ट वाटली नसेल. निमाडचा, म्हणजे महेश्वर-खरगोनच्या या पट्ट्याचा, उन्हाळा ज्याने भोगलाय त्याला ती निव्वळ गरज वाटेल. खरगोनचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सिमेंटच्या खोलीत वातानुकूलनाशिवाय बसवत नाही, वाड्याच्या ओसरीत मात्र निदान तग धरता येतो. आज वास्तुविशारद ज्याला पर्यावरणपूरक बांधणी म्हणतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे गवंड्याचं आणि सुताराचं रोजचं शहाणपण होतं. समोरच्या काठावर नावडातोडीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली, पन्नासच्या दशकात उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळातली बांबू, लाकूड आणि मातीची घरं सापडली. म्हणजे या काठाला हाताशी असेल त्याने घर बांधायची सवय होळकरांच्या कितीतरी आधीपासूनची.

पुढचा टप्पा पराभवाचा. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. महेश्वर मागे पडलं, ते चांगलं दीडशे वर्षं. पैसा, रेसिडेन्सी, रेल्वे, गिरण्या सगळं इंदूरकडे वळलं. मला तर वाटतं, महेश्वरचं भाग्य इथेच उघडलं. राजधानी राहिली असती तर एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या महाराजांनी वाडा पाडून तिथे खांबांचा इटालियन महाल नक्की उठवला असता. शेवटचे राज्यकर्ते यशवंतराव (दुसरे) यांनी तर 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून इंदुरात माणिकबाग उभारून घेतली. युरोपातल्या सर्वांत नव्या शैलीतली ती वास्तू होती, फर्निचरही तसंच. हौस इंदुरात फिटली, महेश्वरच्या लाकडी खांबांना कुणी हात लावला नाही.

1948 ला होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. 1971 च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे बंद झाले. वाडे-महाल सांभाळायचे कसे हा प्रश्न तेव्हा देशभरातल्या घराण्यांपुढे आला, पण उत्तर काहींनी आधीच शोधलेलं होतं. जयपूरचा रामबाग 1957 लाच हॉटेल झाला होता, उदयपूरचा तलावातला महाल 1963 ला. हे मोठे, झगमगीत महाल. पडीक गढ्या आणि किल्ल्यांकडे वळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं जावी लागली. राजस्थानातला नीमराणाचा किल्ला 1986 मध्ये अमन नाथ आणि फ्रान्सिस वॅक्झियार्ग यांनी घेतला आणि 1991 ला मोजक्या खोल्यांनिशी उघडला. 1950 पूर्वीच्या वास्तूंतल्या हॉटेलांसाठी सरकारने 'हेरिटेज' अशी वेगळी वर्गवारीही केली. त्यानंतर राजस्थानात जुन्या हवेल्यांची हॉटेलं करण्याची लाटच आली.

महेश्वरची गोष्ट या लाटेत बसवायला मी तयार नाही, कारण इथे आधी माग आले आणि मग हॉटेल. यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा सोसायटी' काढली. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून हे नाव. महेश्वरी साडीचा धंदा तेव्हा जवळजवळ बसला होता. अहिल्याबाईंनी बाहेरून कोष्टी आणून वसवले असं सांगतात, त्यांचे वंशज मजुरीच्या शोधात गाव सोडत होते. किल्ल्यातच माग बसवले गेले, बायकांना शिकवलं गेलं. या साडीचे काठ जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. एका काठावर विटांची रांग असते, दुसऱ्यावर चटईची वीण, तिसऱ्यावर नर्मदेची लहर. घाटाच्या दगडावर कोरलेली नक्षी डोक्यात ठेवून पदर पाहिला तर कुठली आधीची, असा घोळ होतो. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटी नेसली तरी कुणाला कळत नाही. नेसणारीला हा मोठाच फायदा.

माग स्थिरावल्यावर जवळपास वीस वर्षांनी किल्ल्यातल्या होळकरांच्या राहत्या भागात पाहुणे घ्यायला सुरुवात झाली. भाजी किल्ल्यातल्याच बागेतली, जेवणाला छापील यादी नाही, त्या दिवशी जे शिजेल ते. आपल्याकडच्या कुठल्याही घरी आलेल्या पाव्हण्याला हेच मिळतं, इथे त्याचे पैसे पडतात, एवढंच. शिवाय पोहण्याचा तलावही आहे. नर्मदेच्या डोक्यावर तलाव बांधावा लागतो, यात मला थोडी गंमत वाटते. पण जुन्या भिंती कुणीतरी दरवर्षी दुरुस्त करायला हव्यात आणि त्याचा खर्च कुठून तरी यायला हवा, हेही खरंच.

किल्ल्याचा सगळाच भाग पाहुण्यांचा नाही. अहिल्याबाईंची गादी आणि देवघर पाहायला कुणीही येतं. इथे लिंगार्चनाची प्रथा अजून चालते. ब्रह्मवृंद सकाळी पाटावर काळ्या मातीची इवलीशी लिंगं वळत बसतो, बोटाच्या पेराएवढी, प्रत्येकावर तांदळाचा एक दाणा. पूजा आटोपली की सगळी माती नर्मदेत जाते.

देवळं आणि घाट यांची मालकी हा वेगळाच विषय. स्वातंत्र्यानंतर खासगीचा विश्वस्त न्यास झाला, त्याच्याकडे देशभरातल्या 246 मालमत्ता. त्यांवरून मध्य प्रदेश सरकार आणि न्यास यांच्यात वर्षानुवर्षं दावे चालले. न्यासाने सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करावी, असा निकाल जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. 1734 ची ती कागदावरची सोय अशी तीनशे वर्षांजवळ येऊनही संपलेली नाही.

आणि पर्यावरण म्हणाल, तर महेश्वरात हा शब्द हॉटेलच्या आधी धरणामुळे आला. मंडलेश्वरजवळ, गावापासून काही किलोमीटर वरच्या बाजूला, 400 मेगावॉटचा महेश्वर जलविद्युत प्रकल्प खासगी कंपनीला दिला गेला. इथला 'खासगी' गौतमाबाईंच्या खासगीपेक्षा अगदीच वेगळ्या अर्थाचा. 61 गावं बाधित होणार होती. जानेवारी 1998 मध्ये नर्मदा बचाव आंदोलनातले हजारो गावकरी धरणाच्या जागेत शिरून ठिय्या देऊन बसले. परदेशी गुंतवणूकदार एकेक करून बाहेर पडले, काम रखडलं, आणि 2020 मध्ये सरकारने करार रद्द केला. काँक्रीटचा बांध मात्र नदीत तसाच उभा आहे.