एक पंगत झाली, एक बोली व्हायची राहिली

साताऱ्याला २०२१ मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज एकत्र आणून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलं. पण इथल्या विद्यार्थ्यानं कुठं राहायचं, कुणाशेजारी जेवायचं, हा प्रश्न त्याच्या शंभर वर्षं आधीचा.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं निघाली ती जातवार. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. त्या काळी पोरं एका पंगतीला बसणारच नव्हती, तेव्हा त्यांना शिकवायचं तर दुसरा इलाज नव्हता. भाऊराव जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगाबाहेर पडले. साताऱ्यात पुढं जे झालं त्याचं मूळ मला त्या न केलेल्या अंघोळीत दिसतं.

१९१९ साली कराडजवळच्या काल्यात भाऊरावांची रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. इथलं बोर्डिंग सगळ्या जातींचं एकच. स्वयंपाक पोरांनीच करायचा, भांडी पोरांनीच घासायची, पंगत एक. पोरांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. १९४७ चं शिवाजी कॉलेज हा त्याचाच पुढचा टप्पा: ‘कमवा आणि शिका’. सकाळी शेतात खोरं, मग वर्गात वही. देणगीच्या बदल्यात कॉलेजचं नाव बदला म्हणणाऱ्याला भाऊरावांनी ‘एक वेळ बापाचं नाव बदलीन’ असं सुनावलं, ही गोष्ट सातारकर अजून सांगतात.

पंगतीचं निस्तरलं, बोलीचं मात्र राहिलं. बोर्डिंगात सगळेच खेड्यातले, त्यामुळं ‘आलतो’, ‘गेलतो’, ‘लय’ यात कुणाला वावगं वाटत नसे. आधी पुणे विद्यापीठ, मग १९६२ पासून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पदवी कुणाचीही असो, पेपर प्रमाण मराठीत नाहीतर इंग्रजीत. सायन्सला तर अकरावीपासूनच ‘बल’ गेलं आणि ‘फोर्स’ आला. मुलींची आणखी एक गंमत आहे. वाळवा-शिराळ्याकडची मुलगी घरी सरळ ‘मी जातो’ म्हणते, तिच्या आईसारखं, आजीसारखं. साताऱ्यात पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसतं. दिवाळीपर्यंत ती ‘जाते’ म्हणायला लागते, आणि सुट्टीला घरी गेली की आई विचारते, ‘लय शहरातली झालीस व्हय गं?’

आता बरीच पोरं बोर्डिंगात राहतच नाहीत. खटाव, कोरेगाव, जावळीहून रोज येतात, खिशात एसटीचा सवलतीचा पास. त्यांचं कॉलेज गाडीच्या वेळेवर चालतं. शेवटच्या तासाला घड्याळाकडं बघत दप्तर आवरणं, संध्याकाळच्या कार्यक्रमाला ‘गाडी हाय माझी’ म्हणून निघणं. खरी ओळखपाळख होते ती स्टँडवर. गाडी उशिरा आली की फलाटावर घोळका जमतो, वडापाव फिरतो, आणि तिथं सगळेच ‘लय’ म्हणतात. सुट्टीला घरी निघालेली ती वाळव्याची मुलगीसुद्धा गाडी दिसली की ओरडते, ‘जातो गं मी!’