थेरपीच्या तासाबाहेर : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास. बहुतेक मुलं थेरपीसाठी आमच्याकडे एवढाच वेळ असतात. उरलेला सगळा वेळ घरात, शाळेत, रिक्षात आणि आजीजवळ जातो. त्यामुळे इथे शिकलेलं टिकतं की विरतं, ते तिकडे ठरतं. हे पत्रक फ्रिजवर लावा आणि मुलाला सांभाळणाऱ्या मावशींनाही वाचून दाखवा.

आधी दुखणं तपासा

एरवी शांत असणारं मूल अचानक डोकं आपटायला, हात चावायला किंवा रात्री उठून रडायला लागलं, तर पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे. कान फुटलेला असतो, दाढ किडलेली असते, चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. ज्याला बोलून सांगता येत नाही, ते मूल अंगानेच सांगतं. अशा वेळी बक्षिसांचे तक्ते करून काही उपयोग नाही.

वही

दुखणं नसेल तर शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. सात दिवस लिहा. ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केलं’ असं लिहू नका. कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहा. म्हणजे असं: ‘संध्याकाळी ६.१०. फोन वाजला, आई गॅलरीत गेली. ओट्यावरचं पातेलं खाली ढकललं. आई धावत आली, का केलंस म्हणून जवळ बसली.’

अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुतेकदा चारांपैकी एक कारण वर येतं: काहीतरी हवं आहे, काहीतरी टाळायचं आहे, कुणीतरी लक्ष द्यायला हवं आहे, किंवा ती क्रियाच अंगाला बरी वाटते. कधी दोन कारणं एकत्रही असतात. वरून वागणं एकच दिसतं, उपाय मात्र वेगळा. ताट फेकणाऱ्या मुलाला जेवायचंच नसेल आणि शिक्षा म्हणून तुम्ही त्याला ताटावरून उठवलं, तर त्याला हवं तेच मिळालं. उद्या ताट आणखी लवकर उडेल.

मागायला शिकवणं

फेकाफेकीच्या जागी मुलाच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते फेकण्यापेक्षा सोपं असावं लागतं. बोलता न येणाऱ्या मुलाला चित्राचं कार्ड देऊन मागायला शिकवण्याची पद्धत १९८५ पासून वापरात आहे. घरी ती अशी करा.

मुलाला शेव आवडते असं धरू. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, दिसेल पण उघडता येणार नाही असा. शेवेचा फोटो दोन इंच बाय दोन इंच छापून लॅमिनेट करा आणि मागे वेल्क्रो लावा. माणसं दोन लागतात. एकाने समोर बसून एका हातात शेव धरायची, दुसरा तळवा रिकामा ठेवायचा. दुसऱ्याने मुलाच्या मागे बसायचं आणि अजिबात बोलायचं नाही. मुलाने शेवेकडे हात नेला की मागच्याने तो हात धरून कार्ड उचलवायचं आणि समोरच्या तळव्यावर ठेववायचं. समोरच्याने त्याच क्षणी ‘शेव!’ म्हणून चार काड्या द्यायच्या. वाटीभर नाही, पोट भरलं की मागणं संपतं. एका बैठकीत दहा-पंधरा वेळा पुरे. मग मागच्याची मदत कमी करत न्या: आधी मनगट धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही.

यात तीन चुका नेहमी होतात. पहिली, समोरच्याने आधीच ‘काय हवंय?’ विचारणं, मग मूल प्रश्नाची वाट बघत बसतं, आपणहून मागत नाही. दुसरी, कार्ड कपाटात ठेवणं. ते डब्यावरच हवं. तिसरी, मुलाने कार्ड दिल्यावर ‘आता नको, जेवायची वेळ झाली’ म्हणणं. पहिले काही आठवडे कार्ड दिलं की शेव मिळालीच पाहिजे. ‘नाही’ ऐकायची सवय नंतर लावू. द्यायची नसेल तेव्हा डबा आणि कार्ड दोन्ही नजरेआड ठेवा. आणि कार्डामुळे मूल बोलायचं राहतं, ही भीती सोडा. तसं होत नाही.

वाढेल, मग उतरेल

ओरडण्याने मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की ओरडणं सुरुवातीला वाढतं. मोठं होतं, लांबतं, कधी मारणंही सुरू होतं. बरीच घरं इथे हार मानतात, आणि मूल शिकतं की जास्त ओरडलं की काम होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी आधी एकमत करा. आईने नाही म्हटलं आणि आजोबांनी गुपचूप मोबाइल दिला, की पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. डोकं आपटणं, चावणं, रस्त्यावर पळणं यांकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नका. तिथे आधी इजा थांबवा आणि पुढचं थेरपिस्टशी बोलून ठरवा.

शेवटच्या पायरीपासून

चड्डी घालायला शिकवताना सगळं एकदम शिकवू नका. तुम्ही चड्डी कमरेच्या चार बोटं खालपर्यंत आणा, शेवटचं ओढणं मुलाचं. काम पूर्ण झाल्याचं समाधान त्याला मिळतं आणि शाबासकीही लगेच. चार-पाच दिवस जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. सॉक्स आणि दप्तराची चेनही याच पद्धतीने.

आवाज आणि बदल

कुकरच्या शिट्टीने घाबरणाऱ्या मुलाला ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून उपयोग नाही. त्याला तो आवाज खरोखर टोचतो. शिट्टी व्हायच्या आधी सांगा, दुसऱ्या खोलीत न्या. मिरवणुकीत ढोल-ताशा असेल तर कान झाकणारे इअरमफ जवळ ठेवा, ते घरी दोन-दोन मिनिटं घालून सवय करा, आणि निघायची वेळ आधीच ठरवा. रोजच्या बदलांसाठी ‘आधी–मग’ची पट्टी: डावीकडे आंघोळीचा फोटो, उजवीकडे झोपाळ्याचा. ‘मग’मधलं लगेच दिलं नाही तर पट्टीवरचा विश्वास जातो.

हात फडफडवणं थांबवायच्या मागे लागू नका, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. ‘माझ्याकडे बघ’ म्हणून हनुवटी धरणंही नको. ऐकताना बघितलंच पाहिजे असं नाही. आणि शाळा इंग्रजी आहे म्हणून घरातली मराठी बंद करू नका. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं नुकसान होत नाही. आजीशी बोलता येईनासं झालं, तर ते मात्र होतं.

पैसे आणि कागद

‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेल (मूळ पेशींच्या) उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ते लाखो रुपये वाचवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. त्या आधारावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

पहिल्या भेटीला येताना तीन गोष्टी आणा: वही, घरात काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, आणि मुलाला आवडणाऱ्या दहा वस्तूंची यादी. यादीत ‘मोबाइल’ एकदाच लिहा.