रविवारची मिस्सा आणि न घेतलेली हजेरी

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कॅथलिक घरांत एक तक्रार नेहमी कानावर येते: रविवारच्या मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला हजर राहण्याचा, नियम सगळ्यांना सारखा, पण फादर बदलले की तो पाळून घेण्याची तऱ्हाही बदलते. एकाला चर्चच्या पायरीवरच विचारणा होते, दुसऱ्याला वर्षभर कोणी हटकत नाही. ही तऱ्हा फार जुनी आहे.

स्पेनमध्ये एल्विरा इथे इ.स. ३०५च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेने ठरवले की तीन रविवार चर्चला न येणाऱ्याला थोडा काळ बाहेर ठेवावे. पण नियमात शब्द आहेत 'शहरात राहणारा'. खेडेगावचा माणूस तिथेच सुटला. पुढे १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरला कम्युनियन (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) सक्तीचे केले. चुकवणाऱ्याला जिवंतपणी चर्चमध्ये मज्जाव आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. न येणाऱ्याला 'येऊ नकोस' अशी शिक्षा! खरा धाक होता तो दफनाचा.

कोकणात हा नियम पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि चर्चच्या मागे राजसत्ता उभी राहिली. १५६० साली गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, रोख मुख्यतः जुन्या चालीरीती पाळणाऱ्यांवर होता, नुसती मिस्सा चुकवणाऱ्यावर नव्हे. पण त्या काळात रविवारी गैरहजर राहणे म्हणजे संशय ओढवून घेणेच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ही सत्ता गेली. नियम राहिला, शिपाई गेला. उरला तो फादरांचा शब्द आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्या.

आता कोकणातला रविवार कसा असतो ते पाहा. आषाढात खाडीपलीकडच्या वाडीतून चर्च गाठायचे, लावणीची घाई, कोळ्यांचे तर सगळेच भरती-ओहोटीवर. त्यात जुना दंडक असा की मिस्सा सकाळीच आणि कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली. १९८३च्या कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, आदल्या संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली.

त्याच कॅनन लॉमध्ये रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, पण चुकवल्याबद्दल दंड लिहिलेला नाही. शिवाय योग्य कारण असेल तर एखाद्या प्रसंगापुरती सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या-त्या चर्चच्या हद्दीतल्या, फादरांनाच आहे. कारण योग्य की नाही, हेही तेच ठरवणार. म्हणजे माणसामाणसात फरक पडायला जागा कायद्यानेच ठेवलेली आहे. आजारपण किंवा तान्हे मूल असेल, तर बंधन तसेही लागू होत नाही. २०२०च्या मार्चमध्ये साथीमुळे चर्चे बंद झाली आणि बिशपांनी सरसकट सूट दिली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले की अशी सूट देता येते.

मग गाठ पडते ती कागदाशी. बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून उभे राहायचे तर माणूस श्रद्धेने जगणारा हवा, अशी अट आहे, आणि दुसऱ्या गावी त्यासाठी आपल्या फादरांची चिठ्ठी लागते. पाच वर्षे न दिसलेला माणूस ती मागायला येतो. एका गावात चहा देऊन सही होते, शेजारच्या गावात 'आधी चार रविवार या' असे ऐकावे लागते.