पाणीतंटा

पाणीतंटा : पाण्याच्या एकाच स्रोतावर अवलंबून असलेल्या व्यक्ती, समाजगट, प्रदेश किंवा राष्ट्रे यांच्यात त्या पाण्याचा हक्क, वाटप, वेळ आणि नियंत्रण यांवरून निर्माण होणारा वाद किंवा तणाव. हा तंटा दोन भावांत विहिरीच्या काठावर होतो, तसाच दोन अण्वस्त्रधारी देशांतही होतो. व्याप्ती निराळी असली तरी त्याची घडण बरीचशी सारखी असते. पाणी कमी पडले की भांडणे होतात ही रूढ समजूत अपुरी आहे, कारण टंचाईची कित्येक वर्षे सामंजस्याने पार पडतात आणि पाणी पुरेसे असतानाही डोकी फुटतात. बहुतेक तंट्यांच्या मुळाशी एकच स्थिती आढळते : पाणी सोडण्या-अडवण्याचे साधन एकाच्या हाती असते, दुसऱ्याचे पीक किंवा जगणे त्यावर अवलंबून असते, आणि किती पाणी आले, किती अडवले, किती मुरले हे त्या दुसऱ्याला स्वतः पडताळून पाहता येत नाही. पडताळणीची सोय नसली की संशय वाढतो, आणि एकदा संशय बळावला की खरा आकडा पुढे आला तरी त्यावर विश्वास बसत नाही.

व्यक्तींमधील पाणीतंट्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे सामाईक विहीर. वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडतात, पण विहिरीचे तुकडे पडत नाहीत. म्हणून सातबाऱ्यावर विहिरीतील हिस्से नोंदले जातात आणि भाऊबंदांत पाळ्या ठरतात. मोट होती तेव्हा एका दिवसाच्या पाळीत कोणी किती पाणी उपसले हे साऱ्या शिवाराला दिसत असे आणि बैलांच्या ताकदीमुळे त्याला मर्यादाही होती. वीजपंप आल्यावर पाळ्या जुन्याच राहिल्या, पण त्यांचा अर्थ बदलला. एकाची मोटार पाच अश्वशक्तीची आणि दुसऱ्याची साडेसात असली, तर सारख्याच तासांत सारखे पाणी निघत नाही. शिवाय शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत असल्याने एकाची पाळी नेमकी वीज नसलेल्या वेळी येते. दोघेही ठरलेला करार पाळत असतात आणि तरीही एकाच्या मनात फसवणूक झाल्याची भावना खोलवर रुजते.

कालव्याच्या पाण्यावर हेच अधिक गुंतागुंतीने घडते. पाटबंधारे खाते शेजपाळीनुसार, म्हणजे शेतांना ठरलेल्या क्रमाने एकामागून एक, पाणी देते. चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या) शेपटाकडून मुखाकडे पाणी देत यावे, असा चांगल्या व्यवस्थापनाचा संकेत आहे, पण मुखाजवळचे शेतकरी आधी पाणी घेतात आणि शेपटाकडच्यांच्या वाट्याला उरलेले येते, ही तक्रार जवळपास प्रत्येक कालव्यावर ऐकू येते. रात्री बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्या, माणसाला पाटातले पाणी अचानक उतरलेले दिसते. वर गेट खाली केले असेल, खेकड्याने पाटाचा बांध पोखरला असेल किंवा कोणी चारी फोडून पाणी वळवले असेल. अंधारात दोन-तीन किलोमीटर वर चालत जाऊन खात्री करेपर्यंत त्याची पाळी संपलेली असते. अशा वेळी संशय जातो तो नेहमी वरच्या शेजाऱ्यावर, आणि पाण्याआधीच बांधावरून किंवा वाटेवरून बिनसलेले असेल तर तो लगेच जातो. नैसर्गिक प्रवाहाला किंवा शेतरस्त्याला केलेला अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदाराला आहे आणि त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. अडथळा हटवता येतो. दोन घरांमधला अबोला मात्र त्याने हटत नाही.

सामाजिक गटांमधील पाणीतंट्याला टंचाईचे कारण अजिबात लागत नाही, याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक पुरावा म्हणजे महाडचे चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा विधिमंडळ सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव करून आपले तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तळ्यात पाणी भरपूर होते, कायदा अनुकूल होता, पण त्या हक्काचा वापर करण्याची मुभा समाजाने दिली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथे भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. हे तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा करून काही सवर्णांनी न्यायालयात धाव घेतली. तो वाद मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. येथे तणाव निर्माण करणारी गोष्ट पाणी घेणे ही नव्हती. समान हक्काने पाणी घेणे ही होती. पाण्याच्या प्रश्नाकडे केवळ धरणे आणि घनफुटांच्या हिशेबाने पाहणाऱ्यांनी ही घटना विसरता कामा नये.

एकाच राज्यातील प्रदेशांमधील तंट्याचे उदाहरण ऊर्ध्व गोदावरी खोरे होय. पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्याची मुख्य आशा म्हणून बांधले गेले. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये उद्घाटन झाले. त्याचा जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. परंतु त्याच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा, निळवंडे यांसारखी धरणे आहेत आणि पावसाचे पाणी आधी तेथे अडते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात, २००५ साली, तुटीचा भार सर्वांनी वाटून घ्यावा म्हणून एक कलम आले. खोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील, असे नियंत्रण करावे, असे ते सांगते. कलम होते, पण ते कोणत्या आकड्यावर लागू करायचे हे ठरले नव्हते, आणि ती मोकळी जागा आंदोलनांनी भरली. या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. त्याचे सूत्र ढोबळमानाने असे की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मान्य केले.

सूत्र ठरल्यावर वाद मिटला नाही, पण त्याचे स्वरूप बदलले, आणि हा बदल मोलाचा आहे. आता पाणी सोडायचे की नाही यापेक्षा किती, कधी आणि वाटेत किती मुरते यावर भांडण होते. २०२३ च्या पावसाळ्यानंतर सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, प्रत्यक्ष पाणी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुटले. असे पाणी सोडताना नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरील कृषिपंपांचा वीजपुरवठा तोडावा लागतो आणि धरणांवर पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो. काठावरच्या शेतकऱ्याच्या विहिरीशेजारून पाणी वाहत असते आणि त्याची मोटार बंद असते. पैठणला पोहोचणारे पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा बरेच कमी भरते. कोरड्या वाळूत मुरलेले, बाष्प होऊन गेलेले आणि चोरून उपसलेले पाणी वेगवेगळे मोजण्याची विश्वासार्ह व्यवस्था नसल्याने मराठवाडा म्हणतो पाणी दिले नाही, आणि नाशिक-नगर म्हणते दिलेले वाया गेले.

टंचाई टोकाला गेली की पाणवठ्यावरील जमावालाही शासन घाबरते. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शहर आणि खेडे यांच्यातील तंट्याची किंमत त्याआधी मावळात मोजली गेली होती. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नदीतून वाहणारे पाणी डोळ्यांना दिसते, काठच्या माणसाला ते उपसता येते. नळातून जाणारे पाणी त्याच्या नजरेआडच होते, ही भीती त्या विरोधामागे होती.

राज्यांमधील नदीतंट्यांसाठी भारतीय संविधानाच्या २६२ व्या अनुच्छेदाने वेगळी वाट ठेवली आहे आणि आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम, १९५६ नुसार लवाद नेमले जातात. कृष्णा खोऱ्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचे (शंभरपैकी ७५ वर्षे मिळेल असे) २,०६० टीएमसी पाणी गृहीत धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. कावेरीचा अनुभव अधिक कटू आहे. लवादाच्या १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर कर्नाटकात तमिळ भाषकांवर हल्ले झाले. चांगल्या पावसाच्या वर्षी हा वाद निजतो आणि तुटीच्या वर्षी पेटतो, कारण सरासरी वर्षाचे वाटप तपशिलाने ठरते आणि तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे हे मोघम राहते. म्हादई नदीच्या बाबतीत गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातील लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाने पाणी खोऱ्याबाहेर मलप्रभेत वळवण्यास गोव्याचा विरोध कायम आहे. एकदा वळवलेली नदी परत वळत नाही, हे गोमंतकीयांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

कृष्णेवरील अलमट्टी धरण नेहमीचे चित्र उलटे करते. येथे दारे खालच्या राज्याच्या हातात आहेत आणि भीती वरच्या राज्यात आहे. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर बुडाल्यावर धरणामुळे मागे चढणाऱ्या पाण्याच्या फुगवट्याकडे बोट दाखवले गेले. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही, तरी पूरग्रस्त भागातील लोकांचे समाधान झालेले नाही. आपले घर बुडत असताना दूरवरच्या दारांविषयीचा निष्कर्ष लोकांना पटायचा असेल, तर विसर्गाची आकडेवारी पूर येण्याआधीपासून, तासागणिक, त्यांच्यासमोर असायला हवी.

राष्ट्रांमध्ये वरच्या देशाने आपल्या हद्दीतील पाण्यावर पूर्ण सार्वभौमत्व सांगण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी १८९५ मध्ये रिओ ग्रांदे नदीच्या वादात हीच भूमिका मांडली, आणि तरीही १९०६ च्या करारान्वये अमेरिकेने मेक्सिकोला पाण्याचा ठरावीक वाटा देऊ केला. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील तंटा तर फाळणीच्या रेषेतूनच जन्मला. रेषेने माधोपूर आणि फिरोजपूर येथील कालव्यांची मुखे भारतात ठेवली आणि त्यांवर भिजणारी बरीच शेते पाकिस्तानात गेली. तात्पुरता करार ३१ मार्च १९४८ रोजी संपला, आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने पाणी बंद केले. मे महिन्यात समझोता होऊन ते पुन्हा सुरू झाले, परंतु त्या काही आठवड्यांची आठवण पाकिस्तानच्या धोरणातून आजतागायत गेलेली नाही.

जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे जवाहरलाल नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज या नद्या भारताकडे, तर सिंधू, झेलम आणि चिनाब या प्रामुख्याने पाकिस्तानकडे आल्या. नद्याच वाटून घेतल्याने रोजच्या पाण्याचे भांडण टळले, पण पश्चिमेकडील नद्यांवर भारताला जलविद्युत प्रकल्पांची मुभा असल्याने वाद दारांच्या रचनेवर येऊन थांबला. चिनाबवरील सलाल प्रकल्पाच्या सांडव्याची दारे १९७८ च्या समझोत्यात लहान करावी लागली आणि तळाशी असलेली गाळद्वारे कायमची बुजवावी लागली. परिणामी जलाशय गाळाने भरत गेला. त्याच नदीवरील बगलीहार धरणाबाबत करारानुसार नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाने २००७ मध्ये गाळ काढण्यासाठी खालच्या पातळीवरील दारे ग्राह्य मानली. अभियंत्याला गाळ दिसतो तेथे शेजारी राष्ट्राला शस्त्र दिसते, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. करारातील स्थायी सिंधू आयोग, वार्षिक बैठका, पाहणी दौरे आणि प्रवाहाच्या आकड्यांची देवाणघेवाण या तरतुदी म्हणूनच वाटपाइतक्याच महत्त्वाच्या होत्या आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांतही करार टिकला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तावी नदीच्या पुराचा इशारा आयोगाऐवजी उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला देण्यात आला.

तंटा आवरणाऱ्या देशी व्यवस्थांत धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धत उल्लेखनीय आहे. बंधाऱ्याखालची जमीन मोठ्या फडांत विभागलेली असे, शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असत आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवीत, त्यामुळे तूट आपोआप सर्वांच्या वाट्याला येई. पाणी फिरवण्याचे काम शेतमालकांकडे नसून गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीने याच्याही पुढे जाऊन जमिनीऐवजी माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने पाणी दिले, भूमिहीनांना वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. वरच्या अंगाला झालेली धरणे आणि घरोघरच्या विहिरी यांमुळे बहुतेक फड आता मोडले आहेत. काही बंधाऱ्यांवर मात्र पाटकरी अजूनही पाळी फिरवतो.