लक्षद्वीपला जहाजाने जाताना : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

लक्षद्वीपची चौकशी करायला आलेले बहुतेक जण आधी विचारतात, "तारीख नक्की कोणती?" तारखेआधी आम्ही जहाजाबद्दल सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. कोचीहून सुटणारी जहाजं मुळात बेटांवरच्या लोकांच्या ये-जा साठी चालवली जातात. केरळात कॉलेजला असलेली मुलं, उपचार घेऊन परतणारे रुग्ण, सरकारी नोकर, लग्नाची खरेदी करून निघालेली कुटुंबं, असे सगळे त्यात असतात. विमानतळ फक्त अगत्ती बेटावर आहे. दिवसातून एकदाच येणाऱ्या एसटीवर आडगाव जसं अवलंबून असतं, तशी ही बेटं जहाजावर अवलंबून आहेत. पर्यटकांना त्यात मोजक्या जागा मिळतात. समुद्र खवळला किंवा बेटावरची एखादी निकड निघाली, तर वेळापत्रक बदलतं. असं झालं की आम्ही लगेच कळवतो, पण ते बदलणं आमच्या हातात नसतं. म्हणून परतीचं विमान किंवा रेल्वे जहाज कोचीला पोचण्याच्याच दिवशीची काढू नका. मध्ये किमान एक रात्र ठेवा.

परवाना

लक्षद्वीपमध्ये 36 बेटं आहेत आणि त्यांतल्या 10 बेटांवर वस्ती आहे. सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64 हजारांच्या आसपास होती. मूळ रहिवासी जवळपास सगळे मुस्लिम आहेत आणि त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. एवढ्याशा जमिनीवर बाहेरच्यांची गर्दी होऊ नये म्हणून 1967 च्या नियमांनुसार भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. कित्येकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, काहींना रागही येतो. आम्हाला हा नियम योग्य वाटतो. परवान्यात ज्या बेटाचं नाव असेल तिथेच उतरता येतं. नाव, वय आणि पत्ता ओळखपत्रावर आहे तसाच अर्जात भरा.

पुण्याहून जहाजापर्यंत

पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने जाते. प्रवास एका दिवसाहून जास्त लागतो. विमानाने गेलात तरी जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी कोचीत पोचा. जहाज विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटतं आणि हे बेट रस्त्याने शहराला जोडलेलं आहे. तिथे सामानाची आणि परवान्याची तपासणी होते, त्यात बराच वेळ जातो.

कोचीपासून कवरत्ती किंवा मिनिकॉय सुमारे 400 किलोमीटरवर आहे, म्हणजे समुद्रावर एक रात्र तरी जातेच. मळमळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि जहाज सुटायच्या आधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी राहू नका आणि तेलकटही खाऊ नका.

आम्ही बहुतेकांना 'समुद्रम' ही पाच दिवसांची सहल सुचवतो. तिच्यात कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं येतात. दिवस बेटावर जातो आणि रात्रीचा मुक्काम जहाजावर असतो.

उतरताना

इथे नीट लक्ष द्या. बेटांभोवती प्रवाळाचं कडं असतं आणि त्याच्या आतलं पाणी, म्हणजे लगून, उथळ असतं. त्यामुळे मोठं जहाज बऱ्याचदा बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या बाजूला खाली एक दरवाजा असतो, त्यातून बोटीत पाऊल टाकायचं असतं. बोट लाटेबरोबर वर-खाली होत राहते. दरवाजातला खलाशी तुमचं मनगट धरतो आणि बोट वर आली की "आता" म्हणून इशारा करतो. त्याच्या इशाऱ्याआधी पाऊल टाकू नका आणि एकदा इशारा झाला की थांबू नका. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक आणा. साडी नेसणाऱ्या ताई-मावशींनी या वेळेपुरता तरी सलवार-कमीज घालावा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी नोंदणी करतानाच आम्हाला सांगावं. संकोच करू नका. अशा वेळी आम्ही अगत्तीपर्यंत विमानाने जाण्याचा पर्याय सुचवतो.

मासेमारी : बघायची ती हीच

निळं पाणी फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमच्या मते तिथे जाऊन पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली ट्यूनाची मासेमारी. कोकणात कुपा किंवा गेदर म्हणतात, त्यांच्याच कुळातला हा मासा. मिनिकॉयचे लोक तो पिढ्यान् पिढ्या काठीने आणि गळाने पकडत आले आहेत. 1960 च्या दशकात यांत्रिक बोटी आल्या, तेव्हा हीच पद्धत इतर बेटांवरही पसरली.

आधी लगूनमध्ये बोटाएवढे मासे जाळ्याने धरतात आणि बोटीतल्या पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवतात. मग कड्याबाहेर जाऊन समुद्रपक्ष्यांचे थवे शोधतात, कारण पक्षी घिरट्या घालतात तिथे खाली ट्यूनाचा थवा असतो. तो दिसला की जिवंत मासे पाण्यात भिरकावतात आणि वरून पाण्याचे फवारे मारतात, म्हणजे पृष्ठभाग बारीक माशांनी खळबळल्यासारखा दिसतो. ट्यूना वर धावून आला की बोटीच्या कडेला ओळीने उभे असलेले मच्छीमार काठ्या टाकतात. गळाला मासा अडकवून धरणारा उलटा काटा नसल्यामुळे एका झटक्यात मासा सुटून डेकवर पडतो आणि गळ परत पाण्यात जातो. एका गळाला एकच मासा येतो. मोठ्या जाळ्यात कासवं आणि नको असलेले मासे अडकून मरतात, तसं इथे होत नाही.

"आम्हाला त्या बोटीवर नेता का?" असं पुष्कळ जण विचारतात. ती त्यांची कामाची जागा आहे. काठ्या फिरत असताना तिथे पाहुण्याला उभं राहायला सुरक्षित जागा नसते, म्हणून आम्ही तशी मागणी बोटवाल्यांकडे करत नाही. बोटी परत येतात तेव्हा किनाऱ्यावर थांबा. मासा उतरवतात, कापतात, उकडतात, धुरावर शेकतात आणि उन्हात वाळवतात. लाकडासारखा टणक झालेला हा मासा म्हणजे मास किंवा मासमीन. तो फ्रिजशिवाय कित्येक महिने टिकतो. आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर हेच घ्या, म्हणजे पैसे थेट मच्छीमाराच्या घरात जातात. वास येतो, तेव्हा दुहेरी पिशवीत घट्ट बांधा.

प्रवाळावर पाय ठेवू नका असं आम्ही वारंवार सांगतो, त्याचाही याच धंद्याशी संबंध आहे. गळासाठी लागणारे बारीक मासे लगूनमधून येतात आणि त्यांतले कित्येक प्रवाळाच्या आसऱ्याने राहतात. पाणी तापल्यामुळे 1998, 2010 आणि 2016 मध्ये इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. त्यातून वाचलेलं आपल्या पायांखाली मोडलं, तर उद्याच्या मासेमारीचं नुकसान होतं. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मिनिकॉय

हे बेट बाकीच्यांपासून दूर दक्षिणेला, नऊ अंश खाडी नावाच्या रुंद समुद्रपट्ट्याच्या पलीकडे आहे. भाषा महल, मालदीवच्या दिवेहीच्या कुळातली, आणि लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. गावांच्या वस्त्या वेगवेगळ्या आहेत, प्रत्येक गावाचा प्रमुख आणि शर्यतीची होडी वेगळी. घराण्याची ओळख आईकडून चालते आणि घरात स्त्रीचा शब्द वजनदार असतो. 1885 चा दीपस्तंभ आजही उभा आहे. वर जायला मिळालं तर नक्की जा, अख्खं बेट आणि लगून नजरेत येतं.

वागणं, जेवण, पाणी

पोहताना काहीही घाला, पण गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारूनच काढा. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि सामान तपासलं जातं.

शाकाहारी मंडळींना भात, सांबार, डाळ, नारळाच्या भाज्या मिळतात. मात्र तिथे बहुतेक भाज्या, धान्य आणि इतर सामान मुख्य भूमीवरूनच येतं. ताटात आहे ते आनंदाने खावं आणि टाकू नये. गोडं पाणी तर त्याहून मोलाचं. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, जास्त उपसलं की ते खारट होतं. 2005 मध्ये कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचं आणि खोलातल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची, अशी त्याची रचना आहे. तेव्हा अंघोळीला बादलीभर पाणी पुरे. स्वतःची पाण्याची बाटली न्या आणि प्लॅस्टिकचा कचरा परत आणा.

2024 च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाली, तरी सगळीकडे फोन लागेलच असं धरून चालू नका. रोख पैसे जवळ असू द्या.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटीत उतरणं धोक्याचं होतं. त्या महिन्यांत आम्ही जहाजाची नोंदणी घेत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ओळखपत्राची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि भरलेला अर्ज प्रवासाच्या किमान महिनाभर आधी आमच्या पुण्याच्या कार्यालयात आणून द्या. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला गेला तर तो काढायला वेळ लागतो, म्हणून नोंदणी होताच त्याबद्दल आम्हाला विचारा. सोबत औषधं असतील तर त्यांची चिठ्ठीही आणा.