कॉलेज म्हणतं ३.७०, एलसॅक म्हणतं ३.५८: रिपीट केलेल्या कोर्सची भानगड

अमेरिकेत कॉलेज करून तिथेच लॉ स्कूलला जेडीसाठी, म्हणजे तिथल्या वकिलीच्या डिग्रीसाठी, अर्ज करणारी आपली पोरं हल्ली बरीच आहेत, आणि अर्जाचा मोसम आला की एक रडका फोन ठरलेला. "काका, माझ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.७० आहे, एलसॅकच्या रिपोर्टवर ३.५८, त्यांनी घोळ घातलाय ना?" घोळ नाही रे बाबा, एलसॅक (LSAC) म्हणजे लॉ स्कूलच्या अर्जांसाठी ट्रान्सक्रिप्ट तपासून रिपोर्ट पाठवणारी संस्था, आणि त्यांचा नियमच तो आहे.

कॉलेजात काय होतं, पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये एफ आला, पुन्हा केला, ए आला, कॉलेजने जुना ग्रेड जीपीएतून काढला, ॲडव्हायझर म्हणाला झालं, विसरून जा. पण एलसॅक सगळ्या ट्रान्सक्रिप्ट मागवून स्वतःचा जीपीए काढतं आणि कागदावर ग्रेड नि क्रेडिट दिसतायत म्हटल्यावर दोन्ही वेळचे धरतं. जुन्या ग्रेडवर रेघ मारलेली असली तरी धरतं, कॉलेजने माफ केलं ते कॉलेजपुरतं.

हिशोब बघा. १२० क्रेडिटला ३.७० म्हणजे ४४४ पॉइंट. त्यात ४ क्रेडिटचा तो एफ, शून्य पॉइंटचा, परत आला की ४४४ भागिले १२४, ३.५८. असे तीन एफ असले तर सरळ ३.३६. आणि लॉ स्कूलवाले एलसॅकचाच आकडा बघतात, कारण त्यांना आपल्या बॅचचा मीडियन (मधला आकडा) जाहीर करावा लागतो तो ह्याच जीपीएवरून.

आता सगळ्यात जास्त पोरं कुठे फसतात ते. डिग्री हातात पडल्यावर जीपीए सुधारायला कम्युनिटी कॉलेजात कोर्स करतात, पैसे भरतात, रात्री जागतात, आणि त्याचा जीपीएत शून्य उपयोग, कारण पहिल्या बॅचलर्सनंतरचे ग्रेड त्या हिशोबात घेतच नाहीत. काय करायचं ते डिग्रीच्या आधी. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने असे दोन सेमिस्टर घालवले, कुणी सांगितलंच नाही तिला.

दुसरी जागा म्हणजे हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेले कोर्स. सोळाव्या वर्षी घेतलेला सी पण मोजतात, आणि ती ट्रान्सक्रिप्ट त्या कॉलेजातून वेगळी मागवावी लागते. ती पोचली नाही की फाइल अडकते, आणि डेडलाइनच्या आठवड्यात आठवतं.

कोर्स मध्येच सोडल्यावर मिळणाऱ्या डब्ल्यूने साधारण नुकसान नाही, पण कॉलेज ज्याला नापास समजतं तो डब्ल्यूएफ म्हणजे एफच. म्हणून कोर्स सोडायचा तर तारखेच्या आत सोडा. एक गोष्ट मात्र बाजूने आहे, कॉलेज ए प्लस देत असेल तर एलसॅक त्याला ४.३३ देतं.

पुण्या-मुंबईची डिग्री असणाऱ्यांनी एवढं डोकं तापवू नका. भारतातल्या डिग्रीचा जीपीए काढत नाहीत, मार्कांवरून "सुपीरियर", "अबव्ह ॲव्हरेज" असा शेरा देतात. ट्रान्सक्रिप्ट मात्र युनिव्हर्सिटीकडूनच थेट जायला हवी, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली चालत नाही, आणि युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर किती चकरा होतात ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा दोन-तीन महिने आधी लागा.

रिपोर्ट आला की ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. खरीच चूक असेल तर एलसॅकला कळवता येतं. चूक नसेल तर अर्जासोबत छोटं ॲडेंडम, म्हणजे खुलाशाची पुरवणी, जोडा: कुठल्या सेमिस्टरला काय झालं, नंतर किती आले, बस. अर्ध्या पानात. प्रोफेसर कसा खडूस होता ते नको.