गृहकर्जाचा हप्ता झेपत नाही? पुनर्रचनेचा अर्ज असा करा

नोकरी गेली, धंदा बसला किंवा घरात मोठं आजारपण आलं, की गृहकर्जाचा हप्ता डोईजड होतो. अशा वेळी बँकेकडे कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ता झेपेल अशा बेतानं कर्जाच्या अटी बदलून मागता येतात. बँकेत याला ‘रिस्ट्रक्चरिंग’ म्हणतात. मात्र तो आपला हक्क नाही. बँक तिच्या धोरणानुसार ठरवते. कोविडकाळातल्या 2020 आणि 2021 च्या खास योजना केव्हाच संपल्या, त्यांच्या भरवशावर राहू नका.

हप्ता थकायच्या आधीच शाखेत जा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. लाजेपोटी लोक फोन उचलत नाहीत आणि तिथेच हातचे दिवस जातात. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली (तारण घर ताब्यात घेऊन कर्जवसुली करू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येऊ शकते.

बँक मुख्यतः दोन गोष्टी पाहते: उत्पन्न खरंच घटलंय का, आणि कमी केलेला हप्ता तरी तुम्ही नियमित भराल का. म्हणून अर्जात रडगाणं नको, आकडे हवेत. पगार किती होता, आता किती येतो, दरमहा किती भरता येईल. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, आधार, पॅन आणि कर्जखात्याचा उतारा जोडा. सहकर्जदाराची सही विसरू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. नुसतं साहेबांशी बोलून आलात, तर पुढे हाती पुरावा काहीच उरत नाही.

बहुतेकदा मुदत वाढवून मिळते. 25 लाख बाकी, व्याज 9 टक्के आणि 15 वर्षं उरली असतील, तर हप्ता सुमारे 25,360 रुपये बसतो. मुदत 20 वर्षं केली की तो 22,490 च्या आसपास येतो. महिन्याला 2,870 रुपये सुटतात, पण एकूण व्याज आठ लाखांहून अधिक वाढतं. म्हणून परिस्थिती सुधारली की जादा रक्कम भरत चला. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. पुनर्रचनेची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात दिसते आणि पुढचं कर्ज अवघड होऊ शकतं, हेही सहीआधी विचारून घ्या.

अर्जाची दखल घेतली नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. त्या तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे तो शिक्का मारलेला कागद जोडा.